मुखदर्शनाची फेलोशिप

ज्याने जिल्ह्याच्या गावी वीस खाटांचे रुग्णालय काढून उमेदीचा सारा काळ लोकांची अपेंडिक्से, पित्ताशये आणि हर्निया यांचा निकाल लावण्यात घालविला आहे, अशा शस्त्रवैद्याने पन्नाशी उलटल्यावर परमुलखात जाऊन काही शिकून यावे, ही कल्पना ऐकावयास जितकी उदात्त वाटते तितकी ती आचरणात आणताना राहत नाही. कारण आपल्या डॉक्टरला अजून काही शिकावयाचे शिल्लक आहे ही वार्ता रुग्णांच्या कानी जाणे धंद्याच्या दृष्टीने मुळीच हितावह नसते. जपानातील एका मोठ्या रुग्णालयात जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून कशी करतात हे शिकण्यासाठी मी अल्प मुदतीच्या फेलोशिपवर जाणार असल्याची बातमी माझ्या कंपाउंडरने, त्याला गुप्ततेची सक्त ताकीद दिली असल्यामुळेच बहुधा, दोन प्रहरांच्या आत गावभर पोहोचविली आणि दुसऱ्याच दिवशी टाके काढावयास आलेले एक वयोवृद्ध गृहस्थ टेबलावर आडवे होण्यापूर्वीच मला म्हणाले,

"म्हंजी माझं आपरेशन तुम्ही शिकायच्या आदीच उरकलं म्हना की!"

"तुमचं पित्ताशयाचं होतं, आबा. मी जठराचं शिकायला चाललोय."

"एकाच पोटातलं न्हवं का सगळं?"

या प्रश्नाला शरीरशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात समाधानकारक उत्तर नाही.

गावाने मात्र माझ्या प्रयाणाचा सोहळा करावयाचे ठरविले होते. ज्यांच्या मूळव्याधीवर मी एके काळी शस्त्रक्रिया केली होती (हे त्यांनी फलकावर नमूद केले नव्हते) अशा एका नगरसेवकाने बसस्थानकासमोर माझा फ्लेक्स उभारला. त्यात मी माझ्या लग्नाच्या अल्बमातून उचललेल्या छायाचित्रात, म्हणजे डोक्यावर पुष्कळ केस असलेल्या अवस्थेत, हात जोडून उभा होतो. माझ्या उजव्या खांद्यावरून विमान उडत होते, डाव्या खांद्यामागे पॅरिसचा आयफेल मनोरा होता आणि खाली ज्यांपैकी एकही इसम माझ्या ओळखीचा नव्हता अशा शुभेच्छुकांची गळ्यात सोनसाखळ्या घातलेली रांग होती. माझी पत्नी भूलतज्ज्ञ असून आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात एकाच वर्गात असल्यामुळे, ती मला एकेरीतच संबोधते. तिने गाडी थांबवून तो फलक नीट न्याहाळला आणि विचारले, "तू नक्की कुठं निघालायस?"

जपानच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागते, हमीपत्र लागते आणि त्या देशात पाऊल ठेवल्यापासून ते तेथून पाऊल उचलीपर्यंतच्या प्रत्येक दिवशी आपण काय करणार आहोत याचा तपशीलवार तक्ता लागतो. आज दुपारचे जेवण दोनला मिळेल की पाचला, की मध्येच कोणाचे आतडे पिळवटल्यामुळे रात्रीच्या जेवणात विलीन होईल, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने दोन महिन्यांनंतरच्या एका विशिष्ट गुरुवारची ग्वाही सरकारदरबारी द्यावयाची, हा प्रकार मला ज्योतिषाच्या प्रांतातला वाटला. तथापि रविवारांपुढे 'विश्रांती' असे लिहिताना झालेला आनंद मी लपविणार नाही.

खरी अडचण उद्भवली ती गोवराने. परकीय पाहुण्यांना शस्त्रक्रियागृहात प्रवेश देण्यापूर्वी त्यांना गोवर, गालगुंड, कांजिण्या इत्यादी बालरोग होऊन गेले आहेत किंवा कसे याचा दाखला मागण्याचा त्या रुग्णालयाचा शिरस्ता होता. माझ्या बालपणाचे दप्तर ज्या एकमेव व्यक्तीपाशी आहे तिच्याकडे, म्हणजे आईकडे, मी ही पृच्छा केली.

"गोवर तुला कधी आलाच नाही, तो धाकट्याला आला होता," आई म्हणाली. "तुला कांजिण्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या सालात. तुझे वडील म्हणायचे, सुकडी बाधली म्हणून पुरळ आलं."

ही साक्ष मी इंग्रजीत उतरवून टोकियोला रवाना केली. उलट टपाली अत्यंत विनयपूर्ण भाषेत कळविण्यात आले की मातोश्रींच्या स्मरणशक्तीविषयी नितांत आदर असूनही रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण आकड्यांत कळविल्यास उपकार होतील. रक्त तपासले तेव्हा गोवर होऊन गेल्याचे निर्विवाद सिद्ध झाले. आईने अहवाल चष्मा लावून वाचला, परत केला आणि म्हणाली, "त्यांनी धाकट्याचं रक्त तपासलं असेल."

टोकियोत रुजू झालो त्या सकाळी विभागाच्या चिटणीस बाईंनी माझ्या हाती मिनिटांच्या हिशेबाने आखलेले वेळापत्रक ठेवले आणि मला प्रमुख सेन्सेईंपुढे, म्हणजे गुरुजींपुढे, उभे केले. त्या देशात ओळख म्हणजे कार्डांची देवघेव. ती दोन्ही हातांनी करावयाची आणि समोरच्याचे कार्ड खिशात न कोंबता आधी श्रद्धापूर्वक वाचावयाचे, असा दस्तुर आहे. सेन्सेईंच्या कार्डावर त्यांचे नाव होते, विभागाचे नाव होते आणि उरलेला सर्व कागद कोरा होता. माझ्या कार्डावर कोरी जागा म्हणून नव्हती. पदव्या, फेलोशिपा, सात प्रकारच्या शस्त्रक्रिया, चोवीस तास अपघात सेवा, पार्किंगची सोय आणि अगदी तळाशी 'रविवारी सायंकाळी बंद' हे सर्व त्यांनी, मराठीचा गंध नसताना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गंभीरपणे पाहिले आणि मग जी मान लवविली ती बहुधा आमच्या पार्किंगच्या सोयीस उद्देशून असावी.

आता या फेलोशिपचे खरे स्वरूप सांगावयास हवे, कारण परदेशातून परत आलेली डॉक्टरमंडळी ते सहसा सांगत नाहीत. परकीय डॉक्टरला तेथील सरकारच्या खास परवानगीवाचून रुग्णास हात लावण्यास मज्जाव असतो, आणि अल्प मुदतीच्या पाहुण्यासाठी त्या परवानगीच्या खटपटीत कोणी पडत नाही. त्यामुळे त्याने करावयाचे ते एवढेच की बघावयाचे. पंढरपुरास ज्यांना विठोबाच्या पायांवर डोके ठेवण्याच्या लांबलचक रांगेत उभे राहण्याइतकी सवड नसते त्यांच्यासाठी दुरून मुखदर्शनाची वेगळी रांग असते, तशातली ही गोष्ट होती. फरक इतकाच की येथे दर्शनाला चार-चार तास लागत आणि मागून कोणी 'चला माऊली, पुढे चला' म्हणून ढकलत नसे.

माझी जागा दुय्यम सहायकाच्या मागे, भुलीचे यंत्र आणि सक्शनची नळी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, एका लोखंडी पायरीवर होती. डोळ्यांची सोय उत्तम होती, कारण भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जठराचा कानाकोपरा दिसत होता. पायांचेही भागत होते, कारण उभे राहण्याची आम्हांला सवय असते. प्रश्न हातांचा होता. ज्या शस्त्रवैद्याने हात धुऊन निर्जंतुक मोजे चढविले आहेत तो काम नसेल तेव्हा ते छातीशी जुळवून धरतो. न धुतलेल्याने ते कोठे ठेवावेत याविषयी शास्त्र मौन पाळते. ते पुढे बांधावेत तर निर्जंतुक चादरीला लागण्याची धास्ती, कमरेवर ठेवावेत तर परीक्षकाचा आव आणल्यासारखे दिसते, आणि मागे बांधावेत तर तेथे भुलीच्या यंत्राची बटणे होती. ज्या हातांना वर्षानुवर्षे कोणी ना कोणी काही ना काही देतच आले, मागण्याआधी कात्री आणि ओरडण्याआधी गॉज, त्यांना स्वतःचे असे अस्तित्व आहे हे मला त्या पायरीवर प्रथम जाणवले. एकदा पडद्यावर एका धमनीतून बारीकशी चिळकांडी उडाली तेव्हा माझा उजवा हात माझ्या परवानगीवाचून पुढे सरसावला. बाजूच्या परिचारिकेने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो आपसूक जागेवर गेला.

तिथली शांतता हा तर मला बसलेला दुसरा धक्का होता. तेथे शस्त्रक्रियेचा प्रारंभ सर्वांनी एकमेकांस लवून 'ओनेगाइशिमासु' म्हणण्याने, म्हणजे 'आपल्या सहकार्याची विनंती आहे' अशा अर्थाच्या नम्र उच्चाराने होतो. आमच्याकडे तो वॉर्डबॉयला उद्देशून केलेल्या "मामा, लाइट! अरे माझ्या टकलावर नको, पोटात पाड!" या मंगलाचरणाने होतो. रक्तस्राव सुरू झाला म्हणजे मी जे काही बोलतो ते खालच्या मजल्यावरील औषधांच्या दुकानात स्वच्छ ऐकू जाते आणि तेथील मुलगा न सांगता रक्ताच्या पिशव्यांसाठी पेढीला फोन लावतो. ही आमची व्यवस्था कित्येक वर्षे बिनबोभाट, म्हणजे बोभाट्याच्याच बळावर, चालली आहे. सेन्सेई अशा प्रसंगी दातांच्या फटीतून किंचित हवा आत ओढीत. हवा ओढल्याचा आवाज थोडा लांबला की समजावे, प्रसंग बाका आहे.

जठराचा रोगट भाग काढून रुग्ण जगविण्याचे काम प्रथम साधले ते व्हिएन्नात, थिओडोर बिलरोथ यांना, १८८१ साली. परंतु पुढे या अवयवाचा कारभार जणू जपाननेच आपल्याकडे घेतला. गिळता येईल असा जठराच्या आतून छायाचित्रे घेणारा कॅमेरा त्यांनी १९५० मध्ये तयार केला, जठर दुर्बिणीतून काढण्याचा पहिला प्रयोग किटानो यांनी १९९१ मध्ये केला, आणि जठराभोवती ज्या रसग्रंथींच्या गाठी असतात, ज्यांत कर्करोग पहिल्यांदा मुक्कामाला जातो, त्यांच्या प्रत्येक ठाण्याला त्यांनी क्रमांक देऊन ठेवला आहे. नुसते आठ म्हणून भागत नाही. आठ-ए आणि आठ-पी वेगळे. अकराचे दोन, बाराचे तीन, चौदाचेही पोटभाग. शेजारचा तरुण डॉक्टर, वयाने माझ्या मुलाएवढा, मधूनच पडद्याकडे बोट करून मला हळूच विचारी, "सेन्सेई, बारा-ए?" मलाही तेथे सेन्सेईच म्हणत, हा त्यांचा मोठेपणा. मी विचारमग्न चेहरा करून मान हलवीत असे. ती होकारार्थी हलविली की नकारार्थी, हे मी शेवटपर्यंत संदिग्ध ठेवले.

पण मला ज्या गोष्टीने खऱ्या अर्थाने थांबवून ठेवले ती शस्त्रक्रिया संपल्यावर घडे. रुग्ण बाहेर गेला, दिवे मंदावले, आणि मी सवयीने चहाच्या दिशेने दोन पावले टाकली, तो पाहतो तर सेन्सेई काढलेले जठर तबकात घेऊन खिडकीपाशी एका छोट्या टेबलाशी बसले आहेत. मोजे घातलेल्या बोटांनी त्याभोवतीची चरबी चाचपीत ते एकेक गाठ, मसुराएवढी असो की वालाएवढी, चिमट्याने सोडवीत आणि ज्या ठाण्याची असेल त्या क्रमांकाच्या डबीत टाकीत. मग जठर मोठ्या बाकाच्या कडेने उघडून, टाचण्यांनी फळीवर ताणून, त्याचे छायाचित्र काढले जाई. हे काम कनिष्ठाकडे सोपवावे असे कोणालाच वाटत नव्हते, आणि मला ते पाहताना आमच्याकडची रीत आठवून अंमळ ओशाळल्यासारखे झाले. आमच्याकडे काढलेला अवयव फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या स्वाधीन करतात आणि तपासणीसाठी मोठ्या शहरी धाडतात. एखादा पुतण्या ती बाटली पिशवीत, पिशवी मांडीवर, अशी एस. टी.तून घेऊन जातो, आणि कंडक्टरने विचारलेच तर 'लोणचं' म्हणून सांगतो.

नातेवाइकांना काढलेला अवयव दाखविण्याची चाल मात्र दोन्हीकडे आहे. सेन्सेई तबक घेऊन बाहेर गेले की रुग्णाची पत्नी, मुले, सुना ओळीने उभी राहून त्या तबकाकडे पाहत, समजावून सांगितलेले ऐकत आणि कमरेत लवून आभार मानीत. माझ्या रुग्णालयात तबकाभोवती गर्दी होते, मागचे पुढच्यांना "सरका की जरा" म्हणतात, कोणीतरी मोबाइलवर चित्रण करतो, आणि बिलाची रक्कम ज्याला ठाऊक असते तो कर्ता पुरुष अवयवाकडे बराच वेळ पाहून विचारतो, "एवढंच?" पित्ताशयातले खडे असतील तर प्रश्न येत नाही, ते मोजून, बाटलीत भरून, घरी पाहुण्यांना दाखविण्यासाठी नेता येतात.

संध्याकाळी कनिष्ठ डॉक्टर एका खोलीत जमून, दुर्बिणीच्या लांब चिमट्यांनी, पडद्यावर पाहत, वीतभरही नसलेल्या कागदाचा घडीचा सारस करीत बसत. माझ्या हातांना ही पहिलीच अधिकृत संधी होती. शेजारच्या मुलीने पाहता पाहता चोच, पंख, शेपूट सर्व काही यथास्थित असलेला पक्षी उभा केला. मी पहिली घडी मोठ्या आत्मविश्वासाने घातली, दुसरी आशेने, तिसरीच्या वेळी कागद फाटला. नवा घेतला, तो चिमट्यातून निसटून पेटीच्या कोपऱ्यात गेला आणि त्याला बाहेर काढण्यातच अर्धा तास गेला. अखेर जे तयार झाले त्याला पंख एकच होता. ती मुलगी ते तळहातावर घेऊन कौतुकाने म्हणाली, "सेन्सेई, हा आराम करतोय."

रात्री पत्नीला फोन करून मी दिवसभराचे ज्ञान तिला ऐकवीत असे, कारण ऐकविण्याजोगे दुसरे कोणी नव्हते. एका रात्री हानाओका सेइशू यांची हकीकत सांगितली. या गृहस्थांनी १८०४ साली, म्हणजे अमेरिकेत ईथरचा जाहीर प्रयोग होण्याच्या बेचाळीस वर्षे आधी, धोतरा, बचनाग वगैरे वनस्पतींच्या काढ्याने रुग्ण बाईला बेशुद्ध करून तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. काढ्याची मात्रा ठरविण्यासाठी त्यांच्या आईने आणि पत्नीने स्वतःवर प्रयोग करू दिले आणि त्यात पत्नीची दृष्टी गेली, असे तेथे आदराने सांगतात. भुलीच्या शास्त्रासाठी एका शस्त्रवैद्याच्या पत्नीने केलेला हा त्याग एका भूलतज्ज्ञ पत्नीला हेलावून टाकील अशा अपेक्षेने मी क्षणभर थांबलो.

"काढा त्यानं स्वतः का नाही घेतला?" पलीकडून विचारणा झाली.

"मग शस्त्रक्रिया कोणी केली असती?"

"तेच म्हणतेय मी. प्रत्येक सर्जनला असंच वाटतं." आणि तिने फोन ठेवला, कारण तिला सकाळी सातला समोरच्या डॉक्टरांकडे भूल द्यावयास जावयाचे होते. माझ्या गैरहजेरीत माझे रुग्ण समोरच्यांकडे जात होते आणि त्यांना भूल माझीच पत्नी देत होती, हा तपशील मला त्या रात्रीच कळला.

निरोपाच्या वेळी प्रमाणपत्र मिळाले. जाड, आडवा, सुबक कागद, त्यावर उभ्या ओळींत जपानी अक्षरे आणि डाव्या टोकाला तांबडा चौकोनी शिक्का. गावातल्या फ्रेमवाल्याने शिक्का हा खालीच असतो या सरकारी कागदांवरून बनलेल्या खात्रीने तो आडवा कागद उभा करून चौकटीत बसविला, आणि तो तसाच प्रतीक्षाकक्षात टांगला गेला, बदलावयास सांगितले तेव्हा त्याने विचारले, "वाचणार कोण आहे, डॉक्टर?" पाटीवरच्या माझ्या नावापुढे 'जपान' असा कंसही चढला, कारण आमच्या व्यवसायात पदवीपेक्षा तिच्यापुढच्या कंसाला वजन अधिक. पंधरवड्यात समोरच्यांच्या पाटीवर 'जर्मनी' आले. जर्मनीच्या पुढे बारीक अक्षरांत 'ऑनलाइन' असेही होते, परंतु ते रस्त्याच्या अलीकडून दिसत नसे.

रुग्णांना कंसात फारसे स्वारस्य नव्हते. "जपानी मशीन आणलं का?" हा त्यांचा प्रश्न, आणि आमची दुर्बीण पूर्वीपासूनच जपानी बनावटीची आहे हे सांगितले की त्यांचा चेहरा उतरे. शस्त्रक्रियागृहात मी पहिल्या दिवशी सर्वांस किंचित लवून म्हटले, "आपल्या सहकार्याची विनंती आहे." सिस्टरने हातातली ट्रे खाली ठेवली. मामाने आधी दाराबाहेर डोकावून तपासणीचे पथक वगैरे आले आहे काय याची खात्री करून घेतली आणि मग भुलीच्या यंत्रापाशी जाऊन माझ्या पत्नीला हलक्या आवाजात विचारले, "म्याडम, सायबांचं तिकडं काय बिनसलं का?" त्या दिवशी मी एकदाही ओरडलो नाही, परिणामी खालच्या दुकानातल्या मुलाला काही सुगावा लागला नाही आणि रक्ताची पिशवी पाऊण तास उशिरा आली. दुसऱ्या दिवसापासून जुनी वहिवाट पुन्हा सुरू झाली.

गाठी सोडविण्याचे मात्र मी सोडले नाही. जठराची पहिली शस्त्रक्रिया झाली, रुग्णाला बाहेर नेले, आणि मी तबक घेऊन खिडकीशी बसलो. मामाने आपणहून दिवा जवळ आणला आणि क्रमांकांच्या डब्या म्हणून औषधांच्या रिकाम्या बाटल्या चिकटपट्ट्या लावून मांडून दिल्या. काम लांबले. बाहेर रुग्णाच्या मंडळींत, पेशंट बाहेर आला तरी डॉक्टर आत काय करतात, काही आत राहिले-बिहिले की काय, अशी कुजबुज सुरू झाली असल्याचे सिस्टर सांगून गेली. शेवटी मी बाहेर आलो तेव्हा रुग्णाचा थोरला भाऊ, टोपी हातात घेऊन, दारातच उभा होता.

"इतका वेळ आत काय करत व्हता, डॉक्टर?"

"गाठी मोजत होतो."

"किती भरल्या?"

"बत्तीस."

त्याने मागे वळून भावकीकडे पाहिले, भावकीने एकमेकांकडे पाहिले. मग तो एक पाऊल पुढे येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "गाठीगणिक पैसं लावनार का, तेवढं आदी सांगा."